दोन ऑक्टोपस, दोन्ही हजर

टाकीत दोन ऑक्टोपस होते, आणि ते दोन आहेत एवढंच रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला वहीत लिहायचं होतं. काम एवढंच. त्यातही तीनच दिवसांपुरतं. असल्या कामासाठी करमअलींसारख्या माणसाला थांबवून सूचना द्यायच्या म्हणजे वल्हेकऱ्याला पाणी ओलं असतं हे समजावण्यासारखं होतं. पण आतिफा त्यांची मुलगी होती आणि ती सूचना दिल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकणारी नव्हती.

"अब्बा, डावीकडचा 'अ' आणि उजवीकडचा 'ब'. मधली काच काढायची नाही. एकत्र आले तर मारामारी करतील, खातीलसुद्धा एकमेकांना. रोज एकेक चिंबोरी द्यायची. आणि झाकणावरचे दगड हलवायचे नाहीत."

"झालं?"

"नाही. ते रंग बदलतात. दगडासारखे होतात, वाळूसारखे होतात. पटकन दिसत नाहीत."

करमअली हसले. अठ्ठावीस वर्षं ते जहाजांवर सुकाणी होते. ब्रिजवर उभं राहून समोरचं पाणी बघायचं आणि जे दिसेल ते सांगायचं, यावर त्यांनी उरणच्या मोरा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत हे घर बांधलं होतं. "बेटा, सहा मैलांवरची बिनदिव्याची होडी मी कॅप्टनच्या आधी पाहिलेली आहे."

"अब्बा, हे एक फुटावर असतात."

"मग तर सोपंच झालं!"

आतिफाचं सगळंच या टाकीवर टांगलेलं होतं. एम.एस्सी. करून दोन वर्षं झाली होती, पीएच.डी.साठी रचना मॅडमकडे एकच जागा होती आणि मॅडमनी अट घातली होती, की एक महिनाभर एका प्राण्याचं निरीक्षण करून दाखव, मग बोलू. तिने महिन्यापूर्वी ओळखीच्या गुणाजी नाखव्याच्या जाळ्यात आलेले तळहाताएवढे दोन ऑक्टोपस घरी आणले, दिवाणखान्यात चार फुटी टाकी मांडली आणि सत्तावीस दिवस त्यांच्या रंगांची एकही नोंद चुकवली नाही. आता शुक्रवार ते रविवार ती संशोधनाच्या बोटीवर जाणार होती. तिथे फोनला रेंज नव्हती. सोमवारी सकाळी मॅडम स्वतः घरी टाकी बघायला येणार होत्या.

"नजरेचं काम माझ्यावर सोड," करमअली म्हणाले आणि तिची बॅग उचलून रिक्षापर्यंत गेले.

शुक्रवार झकास गेला. दोन्ही प्राणी भुकेले होते, चिंबोरी पाण्यात पडताच आपापल्या कोपऱ्यातून धावून आले. करमअलींनी चष्मा पुसला, वही उघडली आणि जहाजावरच्या लॉगबुकात लिहायचे तसं लिहिलं: "०८००. अ आणि ब दोन्ही हजर. वारा नाही. समुद्र शांत." संध्याकाळीही तेच, फक्त 'ब'चा रंग राखाडी, एवढी भर. खाली सही.

शनिवारी सकाळी आठ वाजता 'ब' त्याला लपायला ठेवलेल्या मडक्याच्या तोंडाशी बसलेला होता. 'अ' नव्हता.

करमअलींनी डावीकडून पाहिलं, वरून पाहिलं, गुडघ्यावर बसून खालून पाहिलं. दगड होते, शिंपले होते, पाणी गाळणाऱ्या नळीवरचा काळपट स्पंज होता. मग त्यांनी कपाटावरून जहाजावरची दुर्बीण काढली. एक फुटावर दुर्बिणीतून फक्त हिरवा अंधार दिसला. दुर्बीण डोळ्यांना लावून ते एकेक पाऊल मागे सरकत गेले, आणि टाकी स्पष्ट दिसू लागली तेव्हा ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होते. तिथूनही 'अ' नव्हता.

त्यांच्या बायकोने, सफुराबींनी, चहा आणून ठेवला आणि जाता जाता टाकीकडे एक नजर टाकली. "काय शोधताय? आहे की तो."

"कोण?"

"तुमचा 'अ'. तो काय त्या..."

"सफुरा," करमअली दुर्बीण खाली न करताच म्हणाले, "तुला बाजारातली मच्छी कळते. हे वेगळं शास्त्र आहे. तू चूल बघ."

"बरं," सफुराबी म्हणाल्या.

चाळीस वर्षांच्या संसारात हे 'बरं' करमअलींनी पाच-सहा वेळाच ऐकलं होतं, आणि दर वेळी त्यांना महागात पडलं होतं. पण त्या क्षणी त्यांचं लक्ष झाकणाकडे गेलं. काल नीट दिसावं म्हणून त्यांनी झाकणावरचा एक दगड बाजूला ठेवला होता आणि परत ठेवायचा राहिला होता. झाकणाची काच बोटभर सरकलेली होती.

त्यांनी गुणाजीला फोन लावला. गुणाजी दहा मिनिटांत आला आणि त्याने फट बघून मान हलवली.

"करमभाय, ह्याला हाडूक न्हाय अंगात. नारलाच्या डोल्यातून जाईल हा. एकदा माज्या बोटीवरशी बंद डब्यातून पलाला. झाकन तसाच्या तसा!"

"मग कुठं गेला असेल?"

"पान्याच्या वासावर जातो. वल बगा, वल."

घरात ओल कुठे कुठे असते याचा करमअलींनी आजवर विचार केला नव्हता. आता त्यांनी न्हाणीघर पाहिलं, फ्रिज ओढून त्याच्यामागे पाहिलं, माठ रिकामा केला, वजूच्या पाण्याचा तोटीचा बधना उपडा केला. मग ओल नसलेल्या जागाही बघाव्यात असं ठरलं, कारण लबाड प्राणी नेमका तिथेच जाणार. चपलांचं कपाट झालं, गाद्या झाल्या. गुणाजीने शिडी लावून माळा पाहिला. करमअलींनी पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला तेव्हा सफुराबी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ऑक्टोपस पिठात काय करील?"

"पांढरा होईल," करमअली म्हणाले. "रंग बदलतो तो."

सफुराबींनी तोंडाला पदर लावला आणि त्या परत आत गेल्या.

दुपारचे दोन वाजले. आता खरी अडचण सुरू झाली. पाच वाजता नोंद करायची होती. 'दोन्ही हजर' लिहिणं खोटं होतं, आणि लॉगबुकात खोटं लिहिणाऱ्याला करमअली माणसात धरत नसत. एकदा एका अधिकाऱ्याने नोंदवहीत धुकं नसताना धुकं लिहिलं तेव्हा त्यांनी त्याच्याशी मुंबईपर्यंत बोलणं सोडलं होतं. दुसरीकडे, 'अ सापडत नाही' हे स्वतःच्या अक्षरात लिहायचं म्हणजे अठ्ठावीस वर्षांवर पाणी. खोटं लिहायचं नाही आणि खरं लिहायचं नाही. यातून एकच वाट निघत होती: खरं काय ते बदलायचं.

"गुणाजी, असाच एक आणखी मिळेल?"

"वहटी लागली का खडपात बसलेलं असतात. पन पोरीला चालंल का?"

"टाकीत डावीकडे एक, उजवीकडे एक. वहीत लिहायचं तेवढंच आहे. नाव काय त्याच्या कपाळावर लिहिलंय?"

ओहोटीला गुणाजी खडकांत गेला आणि साडेचारला रंगाच्या डब्यातून एक ऑक्टोपस घेऊन आला. तोच आकार, तोच तपकिरी रंग, तोच आगाऊ चेहरा. डावीकडे सोडताच तो थेट दगडामागे गेला, पण एक सोंड बाहेर ठेवून. करमअलींनी समाधानाने लिहिलं: "१७००. दोन्ही हजर." अक्षर न् अक्षर खरं होतं.

रविवारी सकाळी डावीकडे दोन ऑक्टोपस होते.

दोघे समोरासमोर होते. एक काळाभोर झाला होता, एक पांढराफटक, आणि सोळा सोंडांचा गुंता काचेला लागून उलगडत होता. सबंध शनिवार ज्याला पिठात शोधलं तो 'अ' टाकीतच होता! करमअलींना आनंद झाला तो अर्धा क्षण. मग त्यांना आतिफाचे शब्द आठवले आणि त्यांनी जाळी घेतली. दोघांपैकी हाताला लागेल तो त्यांनी वर उचलला आणि खाऱ्या पाण्याच्या बादलीत टाकला. जाताना त्याने मागे शाई सोडली. ती बघून दुसऱ्याने सोडली. मधल्या काचेला पाणी खेळण्यासाठी भोकं होती. त्यांतून शाई पलीकडे गेली, तेव्हा काही संबंध नसलेल्या 'ब'नेही आपला वाटा घातला.

टाकी दौतीसारखी झाली.

करमअलींनी हात पुसले आणि लिहिलं: "०८१५. दृश्यता शून्य." त्या पानावरचं हे त्यांचं सर्वांत निर्भय वाक्य होतं.

मग गुणाजी पुन्हा आला. टेम्पोतून कॅनमागून कॅन समुद्राचं पाणी येऊ लागलं आणि काळं पाणी मोरीतून जाऊ लागलं. दिवाणखान्यातला गालिचा गच्चीवर गेला. सोफा व्हरांड्यात गेला. शेजारच्या वेणूबाई "घर विकताय काय वो?" म्हणून विचारून गेल्या. दुपारी दोनला पाणी आरशासारखं स्वच्छ झालं, आणि त्या आरशासारख्या पाण्यात दगड, शिंपले, नळी, स्पंज आणि मडकं यांशिवाय काहीही नव्हतं. डावीकडे कोणी नाही. उजवीकडेही कोणी नाही.

"गेलं दोगंव," गुणाजी म्हणाला. "चार तास झाकन उगडं व्हता."

करमअली खुर्चीत बसले. बादलीत एक होता, तो 'अ' की कालचा पाहुणा, हे अल्लाला ठाऊक. सोमवार उद्यावर आला होता. मुलीने दोन वर्षं ज्या दाराशी उभं राहून काढली, ते दार उघडायच्या बेतात असताना बापाने त्याची कडी लावली होती. पण हातपाय गाळून बसणं हा त्यांचा स्वभाव नव्हता.

"गुणाजी, ओहोटी कितीला?"

"आज चारला."

"दोन आण. राखीव एक असू दे. आपल्याला हयगय नको."

गुणाजीने दोन आणले. ते बादलीतल्या पहिल्याशेजारी सोडले, वर पितळी परात झाकली आणि पाचला पाच कमी असताना, कोणाला डावीकडे आणि कोणाला उजवीकडे टाकायचं हे ठरवण्यासाठी करमअलींनी परात उचलली. बादलीत एकच ऑक्टोपस होता. बादलीपासून व्हरांड्यापर्यंत आणि बादलीपासून स्वयंपाकघरापर्यंत ओले पट्टे उमटलेले होते.

"गुणाजी! तू बाहेर! मी आत!"

गुणाजीला त्याच्याच चपलेत एक सापडला, तो त्याने बादलीत आणून टाकला. करमअली स्वयंपाकघरात धावले तर सफुराबी ओट्याशी शांत उभ्या होत्या. त्यांच्या मनगटाला आठ सोंडांनी विळखा घातलेला होता आणि त्या एकेक सोंड केळ्याची साल सोलावी तशी सोडवत होत्या.

"हा घ्या. चुलीखाली चालला होता. आता असे किती झाले?"

करमअली बोटांवर मोजू लागले.

"मी सांगते," सफुराबी म्हणाल्या. त्या दिवाणखान्यात आल्या, हातातला ऑक्टोपस बादलीत टाकला आणि ओल्या बोटाने टाकीच्या काचेवर टकटक केलं. "पाच. तीन तुमच्या बादलीत. हा तुमचा 'अ'."

त्यांचं बोट स्पंजावर होतं. करमअली वाकले. स्पंजाची वरची बाजू खाली-वर झाली, आणि तिला एक डोळा होता. तो करमअलींकडे बघत होता, आणि बराच वेळ बघत असावा.

"कशावरून 'अ'? कालचा असला तर?"

"'अ'ची एक सोंड तुटकी आहे, टोक नाही त्याला. आणि हा 'ब', ह्या दोन शिंपल्यांच्या मधोमध. कुठंसुद्धा गेला नाही बिचारा."

"तुला कालच दिसला होता?"

"सांगत होते. तुम्ही म्हणालात, वेगळं शास्त्र आहे."

"पण दिसतो कसा तुला?"

सफुराबींनी पदराला हात पुसले. "चाळीस वर्षं मच्छी घेताना मी काय बघते? डोळा. रंग कसलाही करू दे, डोळा कुठं लपवील? आणि दगड श्वास घेत नाही."

गुणाजीने कानाला हात लावला. मग तीन पाहुण्यांची बादली उचलून तो त्यांना परत खडकांत सोडायला घेऊन गेला. जाताना परात डोक्यावर धरून गेला, म्हणजे वेणूबाईंना आणखी विचारायला जागा झाली.

करमअलींनी वही उघडली. पाच वाजून गेले होते. 'दोन्ही हजर' लिहिता आलं असतं, आता तर ते सर्वार्थाने खरं होतं. पण कालचं 'दोन्ही हजर' वरच्या ओळीत बसून त्यांच्याकडे बघत होतं आणि ते अक्षर न् अक्षर खरं असूनही खोटं होतं. त्यांनी ती ओळ खोडली नाही. लॉगबुकात खोडायचं नसतं. खाली 'दुरुस्ती' असं लिहून त्यांनी शनिवारी सकाळी आठपासून सगळं मांडलं. किती वाजता कुठून पाहिलं, किती वेळ पाहिलं, स्पंजाकडे किती वेळा पाहिलं. दुर्बीण, जिन्याची तिसरी पायरी, पिठाचा डबा, पाहुणे, शाई. "अ त्या सर्व वेळेत टाकीतच हजर होता. पाहणारा मी. न दिसलेला तो." साडेतीन पानं झाली. मग खाली सही केली.

सोमवारी दहाला आतिफा आली आणि तिच्या मागोमाग रचना मॅडम. मॅडम पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, चपला काढायच्या आधीच टाकीकडे बघणाऱ्या. करमअली इस्त्रीचा शर्ट घालून कॅप्टनसमोर उभं राहावं तसे उभे राहिले.

"बेटा, आधी वही वाच," ते म्हणाले. "मग मला काय बोलायचं ते बोल."

आतिफाने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या पानावर तिचा चेहरा उतरला. तिसऱ्यावर ती खुर्चीत बसली. "अब्बा... सत्तावीस दिवस कोणी बोट लावलं नव्हतं त्यांना. पाणी बदललं, शाई सोडली... महिना गेला माझा."

"गेला," करमअली म्हणाले. "चूक माझी. मॅडम, पोरीने कसूर केलेली नाही. तिने मला सांगितलं होतं, पटकन दिसत नाहीत म्हणून. मी हसलो."

रचना मॅडमनी हात पुढे केला आणि वही घेतली. त्या उभ्याउभ्या वाचत गेल्या. पिठाच्या डब्यापाशी त्यांचे खांदे हलले. पण शेवटपर्यंत आल्यावर त्या हसल्या नाहीत, उलट पहिल्या पानावर परत गेल्या.

"चाचा, ह्या वेळा अंदाजे आहेत?"

करमअलींना ते लागलं. "मॅडम, लॉगबुकात अंदाज नसतो."

"आठ ते आठ चाळीस तुम्ही टाकीसमोर होतात. प्राणी तुमच्या नाकासमोर होता. आणि स्पंजाकडे तुम्ही..."

"नऊ वेळा."

"नऊ वेळा!" मॅडम आतिफाकडे वळल्या. "अगं, रंगाच्या नोंदी माझ्याकडे ढिगाने येतात. प्राणी दिसला, असा होता, तसा होता. कोणाला किती वेळ दिसलाच नाही, हे कोणी लिहीतच नाही. लाज वाटते लोकांना. विद्यार्थी बसवले तर पाच मिनिटांनी 'दिसला' म्हणून मोकळे होतात. इथे आयुष्यभर पाणी बघण्यात घालवलेला माणूस आहे, आणि तो मिनिटामिनिटाने लिहून देतोय की मला दिसत नाही." त्यांनी वही मिटली. "रंग कसा बदलतो हे जाऊ दे. फसतं कोण, किती वेळ आणि कुठे बघताना फसतं, ह्यावर काम करशील? जागा तुझी. कागद पुढच्या आठवड्यात दे."

आतिफाच्या आधी करमअलीच बोलले. "मॅडम, मग सफुरालाही घ्या. तिची नजर माझ्याहून बरी आहे." हे वाक्य त्यांनी घरात पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

सफुराबींना बोलावलं. मॅडमनी हातातलं घड्याळ दाबलं. सफुराबींनी दोन बोटं दोन ठिकाणी ठेवली. एकूण चार सेकंद लागले. दुसऱ्यांदा करून पाहिलं, तीन लागले.

"बाई, तुम्ही कमाल आहात," मॅडम म्हणाल्या, "पण तुमचा आम्हाला काही उपयोग नाही."

त्यानंतर दर शुक्रवारी नमाजानंतर करमअली टाकीसमोर बसू लागले. चष्मा पुसून, शर्टाची वरची गुंडी लावून. मोरा जेट्टीवर गुणाजीला आणि ऐकेल त्याला ते सांगत, "विद्यापीठाने किती माणसं पाहिली असतील! पण त्यांना हवी तशी नजर कोणाकडे सापडेना. शेवटी माझ्याकडे यावं लागलं." आणि यातला शब्द न् शब्द खरा असल्याने गुणाजीलाही खाली बघून जाळं शिवत राहण्यापलीकडे काही करता येत नसे.

तिसऱ्या शुक्रवारी सतरा मिनिटं झाली होती. आतिफा घड्याळ घेऊन मागे उभी होती. स्वयंपाकघरात नारळ खवण्याचा आवाज थांबला.

"सांगू का?" सफुराबींनी आतून विचारलं.

"खबरदार!" करमअली गरजले. "पोरीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे!"

आणखी सहा मिनिटं गेली. मग ते पुढे झुकले, त्यांचे डोळे बारीक झाले आणि त्यांनी बिनदिव्याची होडी दाखवावी तशा ठामपणाने उजव्या कोपऱ्यातल्या एका दगडावर बोट ठेवलं.

"चूक!" आतिफा आनंदाने ओरडली. "तेवीस मिनिटं, आणि तरी चूक! अब्बा, आजवरचं सगळ्यात उत्तम!"

करमअलींनी विनयाने मान झुकवली आणि पाणी मागितलं.